घट्ट आहे, बसेल

हळू रे! दार आहे ते, शत्रू नाही तुझा. एकदा आपटलंस, लागलं नाही. दुसऱ्यांदा आपटलंस, लागलं. आता पुढच्या वेळेपर्यंत विसरणार. इकडे या सगळे. किल्ली ठेव त्या कट्ट्यावर. आइसक्रीम काय, उद्याही मिळेल. अंधार पडल्यावर असल्या दाराच्या गाडीत बसायचं नाही, निदान मी समोर बसलेलो असताना तरी नाही. का, ते सांगतो. मग जायचं असेल तर खुशाल जा.

माझं बॅटरीचं दुकान होतं ना हमरस्त्यावर, त्याच्या शेजारी एका डेंटरची शेड होती. डेंटर म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा. त्याला सगळे बसेलमिस्त्री म्हणायचे. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं असेल, पण ते कुणाला आठवत नव्हतं. दार घट्ट लागतंय म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की हा हात पुसत म्हणायचा, "नवीन काम आहे, घट्टच असणार. दोन दिवसांत बसेल." सासुरवाशिणीलाही लोक एवढा धीर देत नाहीत. हात मात्र सोन्याचा. अडचण एकच, कामाचा कंटाळा आला की त्या सोन्यावर तो पितळ चढवायचा.

आता बघा, गाडीचं दार का लोंबतं? बिजागरीतल्या पिना झिजतात. दार खाली उतरतं, मग कुलपाचं तोंड आणि खांबावरचा आकडा यांची भेट होत नाही. सरळ उपाय म्हणजे दार उतरवायचं, पिना बदलायच्या, परत चढवायचं. अर्धा दिवस जातो. मिस्त्रीचा उपाय निराळा. तो खांबावरचा आकडा सोडवायचा, त्याच्या मागे दोन वायसर, म्हणजे भोकाच्या लोखंडी चकत्या, टाकायचा आणि परत आवळायचा. दार लागताना असा भारी आवाज यायचा की गिऱ्हाईक खूश. बाहेरून बघावं तर फट एकसारखी. फक्त आतून उघडताना खांदा मारावा लागे. त्यासाठी ते वाक्य होतंच, दोन दिवसांत बसेल.

एक नर्सबाई होती, रात्रपाळीला स्वतः गाडी चालवत जाणारी. पांढरी गाडी. तिच्या बाजूचं दार मिस्त्रीनं असंच दोन वायसरवर भागवलं. त्याच आठवड्यात वळणावर तिची गाडी घसरली आणि कालव्यात गेली. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. पाणी सोडणं बंद केल्यावर टप दिसला. बाई आतच होती. उजवा खांदा दंडापर्यंत काळानिळा झालेला. लोक म्हणाले, पाण्याचा दाब असतो, कुणाचंच दार उघडलं नसतं. सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणालं असेल? मिस्त्री. चहाच्या टपरीवर उभा राहून, हातवारे करून, शाळामास्तरासारखं समजावलं त्यानं.

आणि गाडी भंगारात निघाली तेव्हा ती उचलून आपल्या शेडमागच्या अंगणात कुणी आणून टाकली? त्यानंच. वर ताडपत्री. मला म्हणाला, मागचे पत्रे कामाला येतील. वर्ष झालं, पण एक पत्रा त्यानं काढला नाही. त्या खांबावरचा आकडा कुणी खोलून बघू नये, एवढंच त्याला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

ते साल संपत आलं होतं. डिसेंबरातला दुसरा गुरुवार. थंडी अशी की बॅटऱ्या सकाळी मान टाकायच्या. मिस्त्री एका टेम्पोचा पत्रा संपवत थांबला होता. दहाच्या सुमारास बायकोचा फोन आला.

"अहो, जेवण गार होतंय. डबा घेऊन येऊ का?"

"नको. अंधारात कशाला? येतोच मी."

"तुमचं 'येतोच' मला माहीत आहे."

"नको म्हटलं ना! घरी बस."

घर मागच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ही दोघंच. बायको जराशी हट्टी होती, पण जीव लावणारी. तिरसट नवऱ्याबरोबरही तिनं संसार हसत केला. माझ्या दुकानात ती आली की माणसं उगाच बरी वागायची.

मिस्त्री हात धुवायला वळला आणि मागून आवाज आला.

"मिस्त्री, दार लागत नाही हो."

बाई उभी होती. मागे पांढरी गाडी. गाडी आल्याचा आवाज त्यानं ऐकला नव्हता, पण दिवसभर पत्रा ठोकणाऱ्याच्या कानांचा काय भरवसा! तोंड त्यानं बघितलं नाही. तो कधीच कुणाचं बघायचा नाही. गिऱ्हाईक म्हणजे दार, एवढीच त्याची ओळख.

"सकाळी आणा, ताई."

"सकाळी नाही जमायचं. मी थांबते."

पुटपुटत त्यानं दार उघडलं. खाली लोंबलेलं. गुडघ्यानं उचलून पाहिलं, पिना पार गेलेल्या. मग खांबावरचा आकडा सोडवला. मागे दोन वायसर.

आता ही जात कशी असते सांगतो. डेंटर, प्लंबर, शिंपी, कुणीही घ्या. आधीच्याच्या कामाला शिव्या दिल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. मिस्त्रीही फिस्सकन हसला.

"कुठल्या गाढवानं केलंय हे काम?"

"होता एक," बाई म्हणाली.

"असल्यांना उभं जाळलं पाहिजे."



वायसर गंजलेले. बोल्टाला हिरवं काहीतरी चिकटलेलं. उंबऱ्याच्या पट्टीत गाळ.

"गाडी पाण्यात होती का?"

"होती. दोन दिवस."

इथे त्याचा पाना हातातच थांबला, असं तो मला म्हणाला. पण पाण्यात गेलेल्या गाड्या पुष्कळ असतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

"मिस्त्री, या वेळी नीट करा हं," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. विनवणी होती. "हवा तेवढा वेळ घ्या."

पोरांनो, नव्या पिना त्याच्या खणात होत्या. हात लांब केला असता तर मिळाल्या असत्या. रात्र त्याची, शेड त्याची, गिऱ्हाईक थांबायला तयार. असा मोका देव दर वेळी देत नाही. मिस्त्रीनं खणाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग ते दोन वायसर फडक्याला घासून चकचकीत केले, होते तिथेच परत घातले आणि आकडा आवळला.

बाई बघत होती.

"झालं?"

"झालं."

दार बसवल्यावर तपासायची त्याची एक पद्धत होती, आणि ती खरंच चांगली होती. शेडमधले दिवे घालवायचे. गिऱ्हाईकाला टॉर्च देऊन आत बसवायचं. बाहेरून दार लावायचं. आतल्या माणसानं दाराच्या कडेनं टॉर्च फिरवायचा. जिथून उजेड झिरपेल तिथे फट. त्यानं आपला चिकटपट्टी गुंडाळलेला टॉर्च बाईच्या हातात दिला. बोटं गार लागली. थंडी होतीच.

दिवे गेले. दार लागलं. असा भारी आवाज, की त्याचं त्यालाच बरं वाटलं.

तो वाकून बघू लागला. आत टॉर्च फिरत होता. खालून वर. वरून पुढे. कडेनं बाहेर एक किरण नाही. काळंभोर.

"बघा ताई! केसभर फट नाही."

आतून कडी वाजली. खट्. खट्.

"मिस्त्री, उघडत नाही."

आणि त्याच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "नवीन काम आहे, घट्टच असणार. दोन दिवसांत बसेल. खांदा मारा जरा."



मग आतून, अगदी काचेला तोंड लावून...

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

तेव्हा त्याला कळलं. दार कळलं, गाळ कळला, वायसर कळले. आत कोण बसलंय ते कळलं.

धप्.

खांदा. दार थरथरलं.

धप्.

तो पळाला नाही. पळायला पाहिजे होतं, नाही का? त्याला वाटलं, मी वळलो की ही बाहेर येणार. ती बाहेर येता कामा नये. त्यानं दाराला पाठ लावली. टाचा जमिनीत रोवल्या.

धप्. धप्.

मग आवाज बदलला.

"अहो... अहो, मी आहे. दार उघडा ना."

बायकोचा आवाज.

त्यानं दात आवळले. भुतं आवाज काढतात, हे तुम्हांआम्हांला माहीत, तसं त्यालाही माहीत. बायको घरी होती. त्यानंच येऊ नको म्हटलं होतं.

"अहो, डबा आणलाय... इथे पाणी येतंय हो... पायाशी पाणी..."

कोरड्या शेडमध्ये पाणी! त्याला हसू आलं म्हणे. घाबरलेला माणूस हसतो कधी कधी. त्यानं ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. खिशातून फोन काढला. बायकोला लावला. ती घरून बोलली की झालं.

रिंग वाजली.

पाठीमागे वाजली. काचेच्या आत.

मुलीनं सासरी जाताना आईच्या फोनात स्वतःचा आवाज भरून दिला होता. "आई, फोन घे गं... आई, फोन घे गं..."

...

काय रे, काय म्हणालास? उघडलं असेल?

नाही.

त्यानं फोन कापला. मनाशी म्हणाला, जी आवाज काढते, ती रिंगही काढेल. आणि पाठ आणखी घट्ट रेटली.

"अहो... गळ्यापर्यंत..."

त्यानं कानांवर हात ठेवले.

धप्.

धप्...

मग हळू.

मग नाही.

तो तसाच उभा राहिला. उजाडेपर्यंत.

सकाळी मी दुकान उघडायला आलो. शेडचं शटर वर, टेम्पो जागेवर, मिस्त्री नाही. हाक मारली तर मागच्या अंगणातून कण्हल्यासारखं काहीतरी आलं. गेलो. ताडपत्री नीट घडी करून बाजूला ठेवलेली. ती कालव्यातली गाडी, चाकं कधीचीच निघालेली, विटांवर उभी. आणि मिस्त्री तिच्या दाराला पाठ लावून, टाचा रोवून उभा. रात्रभर तो शेडमध्ये नव्हताच. ओठ काळे पडलेले.

"उघडू नका," म्हणाला. "ती आत आहे."

मी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. लाकडासारखा झाला होता, पण आला. दाराला हात लावला.

जोर लावावा लागला नाही. एका बोटानं उघडलं. ना कुरकुर, ना लोंबणं. बसलं होतं ते दार.

ड्रायव्हरच्या जागेवर त्याची बायको होती. तिला गाडी येत नव्हती. एका हातात चिकटपट्टीचा टॉर्च, अजून जळत होता. खांदा काळानिळा. कपडे कोरडे. केस कोरडे. सीट कोरडी, तिच्यावर वर्षाची धूळ. डॉक्टरांनी तपासलं आणि पुन्हा तपासलं. मग म्हणाले, बाई बुडून गेल्या.

मिस्त्रीला कुणी शिक्षा केली नाही. करणार कशाची? हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं, तिला नेलं त्या संध्याकाळी, आणि शेवटी विचारलं, "रिंग वाजली तेव्हा उघडलं असतं, तर वाचली असती का हो?" मी काय सांगणार? नाही म्हणायला हवं होतं, माणुसकी म्हणून. पण माझ्या मनातही तोच प्रश्न होता. मिस्त्री अजून जिवंत आहे. मुलीकडे राहतो. तिनं त्याच्या खोलीचं दार काढून टाकलंय. आईचा फोन तिनं जपून ठेवलाय, आणि कधी आठवण आली की त्यावर रिंग देते. शेजारच्या खोलीत बाप बसलेला असतो. तिला कोण सांगणार?

एक राहिलं. बायकोच्या मांडीवर डबा होता. झाकण घट्ट. माझ्यानं निघालं नाही, टपरीवाल्यानं आणि मी मिळून ओढलं तेव्हा निघालं. आत जेवण नव्हतं. काठोकाठ पाणी होतं, गढूळ, कालव्याचं. थेंबही सांडलेला नव्हता. मी ते तिथेच मातीत ओतलं.

तळाशी दोन वायसर होते. घासून चकचकीत केलेले.