कळंबावरची फणी

मडमबाईंनी मोहाच्या कोवळ्या झाडाला नुसतं बोट लावलं होतं. कुऱ्हाड अजून माळ्याच्या खांद्यावरच होती... तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

"ओ बाई! ते झाड कापशात नही हां!"

रमिलानं वळून पाहिलं. खापर गावच्या बाजाराला निघालेला एक जण डोक्यावरचा बांबूंचा भारा रस्त्यातच टाकून, कुंपण ओलांडून आला आणि मोहाला पाठ लावून उभा राहिला. सावळा, उंच, कानांत चांदीच्या बाळ्या. धाप लागली होती, तरी हलायला तयार नव्हता.

१९३७ सालचा डिसेंबर. सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनचा एक बंगला आणि एक छोटा दवाखाना होता. तिथल्या स्वीडनच्या इंग्रीड मडमबाईंना नाताळासाठी झाड हवं होतं. त्यांचं मराठी पुस्तकातलं, म्हणून त्यांचं बोलणं लोकांना आणि लोकांचं त्यांना सांगायचं काम रमिलाकडे असे. कोरीट गावची ही पोर आईबापांमागे मावशीबरोबर, म्हणजे बंगल्यातल्या स्वयंपाकीण अनुसयाबाईंबरोबर, इथेच वाढली होती. एकोणीस वर्षांची, आणि जीभ मिरचीसारखी.

"रमिला, या गृहस्थांना काय म्हणावयाचे आहे?"

"मोह कापतस नही आम्ही," त्यानं आपल्या बाजारातल्या अहिराणीत परस्पर सांगितलं. "फूल देस, तेल देस. माय शे ती. दुसरं झाड लई येसू मी. पण कसाले पाहिजे?"

"घरमां उभं कराले," रमिला म्हणाली.

"घरमां? झाड?" वेडं नक्की कोण आहे, हे ठरवायला त्यानं आधी मडमबाईंकडे पाहिलं, मग रमिलाकडे. रमिलाला हसू फुटलं. मग तोही हसला. एवढंच झालं त्या दिवशी... पण संध्याकाळी भाकरी थापताना तिची एक भाकरी करपली, आणि मावशीनं भुवया उंचावल्या.

त्याचं नाव आमशा. पाचव्या दिवशी तो डोंगरातून आला, खांद्यावर कळंबाची, म्हणजे कदंबाची, पानांनी भरलेली झाडाएवढी फांदी घेऊन. खांदा सोलून लाल झाला होता.

"ठेव ना खाले," रमिला म्हणाली.

"नही. आमनामां इंदलना कळंब जमीनले टेकाडतस नही."

इंदल म्हणजे त्यांच्या डोंगरातली नवसाची पूजा. झाडाच्या मुळाशी दाणे ठेवून, त्याची परवानगी मागून फांदी तोडायची आणि खांद्यावरून थेट अंगणात आणून रोवायची. हा कळंबही त्यानं तसाच मागून आणला होता. आता ओल्या रेतीचं पिंप भरेपर्यंत तो तसाच उभा राहणार होता.

"आनि मी रेती लई नही उनू तर?"

"तर उभा ऱ्हासू."

"संध्याकायलोंग?"

"तू येशी तवलोंग."

रमिलानं पिंप भरायला हवा होता त्याच्या दुप्पट वेळ लावला. आपल्यासाठी कुणी ताटकळत उभं राहावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते इतकं गोड लागेल याची तिला कल्पना नव्हती. मडमबाईंनी झाड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या देशातल्या सुईसारख्या पानांच्या झाडाशी कळंबाचं नातं गावकीचंही नव्हतं. मग त्याच हसल्या आणि कात्री-कागद घेऊन बसल्या.

दोन दिवस आमशा कामाला राहिला. कळसाडी गावाकडच्या कापसाचा बर्फ झाला, पत्र्याची चांदणी झाली, मडमबाईंच्या देशातल्या रीतीप्रमाणे भाताच्या पेंढ्याचा एक बोकड झाला. त्याला एक शिंग कमी पडलं. मेणबत्त्या खापरच्या माणकचंद शेठच्या दुकानातून आल्या. साखळ्या चिकटवता चिकटवता रमिला त्याला झाडाची गोष्ट सांगत होती. मडमबाईंच्या देशात हिवाळ्यात सगळं पांढरं होतं, झाडांना पान राहत नाही. हिरवं राहतं ते एकच, म्हणून लोक त्याला घरात आणतात. आधी जर्मन मुलखात म्हणे सफरचंदं टांगत, मग कुणीतरी मेणबत्त्या लावल्या, आणि मग ती रीत समुद्र ओलांडून मडमबाईंच्या आजीच्या घरी पोचली.

"झाडले दिवा?" आमशा दचकला. "जंगल पेटाडानं शे का तुमले?"

"म्हणीसन तर मी काठीले वला फडका बांधीसन उभी ऱ्हास." रमिला ऐटीत म्हणाली. "आनि ज्याले कोणले काही देनं शे, तो ते झाडले टांगस. वर नाव लिखस."

"ज्याले लिखता येस नही त्यानी काय करानं?"

"चीज देखीसन समजी जास."

त्यानं हातातली साखळी चिकटवून पूर्ण केली. मग हळूच विचारलं, "आनि... उतारानं कव्हय?"

खरं म्हणजे उत्तर साधं होतं. मडमबाईंच्या घरची रीत अशी, की झाड विसाव्या दिवसापर्यंत, तेरा जानेवारीपर्यंत, उभं राहतं. तोवर टांगलेल्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी सगळे मिळून उतरवतात, गोड खातात, आणि झाड घराबाहेर काढतात. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांतली उत्सुकता पाहून रमिलाच्या अंगात खोडी शिरली.

"तुले काय घाई शे? समजी तवय देखशी!"

"आमनामां एकच रात," तो म्हणाला. "सकायले ज्यानं त्यानं आपलं उतारी लेवानं, मंग कळंब नदीमां. मन्हा आजा सांगे, जे फांदीवर ऱ्हायी गयं, ते कोणलेच नको व्हतं."

हे त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. रमिलानं ऐकलंही होतं. पण ती पाहत होती त्याच्या सोललेल्या खांद्याकडे, आणि तिथे हळद लावू का, हे कुणी कुणाला कसं विचारावं, याच विचारात होती.

चोवीस तारखेला दिवेलागणीला मेणबत्त्या लावल्या. मडमबाईंनी त्यांच्या भाषेतलं गाणं म्हटलं. सगळे त्यांच्याकडे पाहत असताना आमशा पुढे झाला आणि त्यानं कंबरेच्या धडप्यातून काढलेली एक वस्तू लाल दोऱ्यानं फांदीला बांधली. शिसवाची फणी होती. वरच्या पट्टीवर मोहाचं फूल कोरलेलं.

नाव लिहिलेलं नव्हतं. लागणारही नव्हतं.

रमिलाचे कान तापले. तेवढ्यात एक मेणबत्ती वाकली, पान चरचरलं, तिनं घाईनं फडक्याची काठी पुढे केली आणि पाणी उडालं ते थेट आमशाच्या तोंडावर.

"मी बी पेटनू का?" त्यानं हळूच विचारलं.

"माले काय माहीत... धूर तर दिखी ऱ्हायना!"

त्या क्षणी त्या खोलीत तिच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाशी उभा होता. रमिला झाडाशी आली. तिनं फणी बोटानं फिरवली, फुलाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहून हसली... आणि फणी तशीच सोडून आत गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. 'उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!' ती मनात म्हणे आणि स्वतःशीच लाजे. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. विसाव्या दिवशी फणी उतरवायची, केसांत खोचायची आणि भर बाजारात त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. बोलायचं काहीच नाही. नुसती मान वळवायची.

पाचव्या दिवशी तो फाटकात आला, खांद्यावर घोंगडी आणि कुऱ्हाड.

"डांगना जंगलमां सागतोडनं काम शे. टोळी निंघी ऱ्हायनी."

"कव्हय येशी?"

"होळीले... येनं व्हयनं तर." तो घुटमळला. तिच्या खांद्यावरून त्याची नजर आतल्या झाडाकडे गेली. "झाडवर मन्हं काही ऱ्हायी गयं का?"

अजूनही वेळ होती. 'तेरा तारखेपर्यंत थांब,' एवढे तीन शब्द. पण रमिलाला वाटलं, होळीला तर येतोच आहे. आपण घाई केली असं आत्ताच का दाखवावं? ती खट्याळपणे हसली.

"ऱ्हाऊ दे ना टांगेल! घाई काय शे?"

आमशानं कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग त्यानं मान हलवली, एखाद्यानं पत्ता विचारून तो समजल्यावर हलवावी तशी.

"नही. घाई मन्हीच व्हती," तो म्हणाला आणि निघाला.

तेरा तारखेला रमिलानं फणी केसांत खोचली आणि पुढच्या बाजाराला खापर गाठलं. आमशाच्या पाड्यावरचा भीमसिंग भेटला, तोही डांगात त्याच टोळीत सामील व्हायला निघाला होता. तिनं लाज सोडून निरोप दिला : फणी उतरवली आहे, आमच्याकडे विसाव्या दिवशी उतरवतात. भीमसिंगनं तो पाठ होईपर्यंत दोनदा म्हणून दाखवला.

होळीला भीमसिंग एकटाच परतला. त्याला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

"त्यानं तठेच घर करं, बहीण. तठली एक पोरीना बापनी घरजवाई ठेवा त्याले. मी पोचनू तवय सुपारी फुटी गयेल व्हती."

"निरोप?"

"दिधा. कुऱ्हाडले धार लावत बठना. मंग म्हणे, आते काय."

बैल गेला अन् झोपा केला. रमिलाला स्वतःच्या हसण्याची चीड आली, आणि ती चीड पुढे कधी गेली नाही. स्थळं आली. मावशी रडली, रागावली, शेवटी थकली. रमिला दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकली. दरवर्षी नाताळाचं झाड उभं राहिलं, विसाव्या दिवशी उतरलं. तिनं ते सजवलं, पण फडक्याची काठी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिली.

नऊ वर्षांनी, दिवाळीच्या सुमाराला, दवाखान्याच्या ओट्यावर एक माणूस सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन बसला होता. पाड्यावर आईला भेटायला आला होता, आणि वाटेत मुलीच्या टाचेत काटा मोडला होता. बाळ्या त्याच होत्या. केस कानांपाशी पांढरे.

रमिलानं काटा काढला, हळद भरली, पट्टी बांधली. मान खाली होती, म्हणून त्याला तिच्या अंबाड्यातली फणी दिसली.

"विसावा दिनले उतारतस आमनामां," ती पट्टीची गाठ मारत म्हणाली.

"भीमसिंगनी सांगं."

"तू विचारं नही मंग..."

"विचारं व्हतं," आमशा शांतपणे म्हणाला. "दोन डाव."

त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, पाय जमिनीला टेकू न देता. फाटकाशी तो थांबला, मोहाकडे पाहिलं. झाड आता चांगलं उंच झालं होतं.

"मोठं व्हयी गयं," तो म्हणाला आणि गेला.

त्या वर्षीही कळंब आला, मेणबत्त्या लागल्या, कागदात बांधलेल्या भेटी टांगल्या गेल्या. पंचवीस तारखेच्या सकाळी मडमबाई उठून आल्या तर रमिला स्टुलावर उभी. लोकांना बोलावून ज्याचं त्याच्या हातात देत होती. निम्मं झाड रिकामं झालं होतं.

मडमबाईंचे केस आता पिकले होते, मराठी मात्र पुस्तकातलंच राहिलं होतं. "रमिला, हे काय? अद्याप एकोणीस दिवस शिल्लक आहेत."

"आहेत, मडमबाई." तिनं शेवटचा लाल दोरा सोडवला. "पण ज्यानं टांगलेलं असतं ना... त्याला ते ठाऊक नसतं."

मग तिनं पिंपातून कळंब उपसला, खांद्यावर घेतला आणि नदीकडे चालू लागली. वाट लांबची होती. खांदा सोलला. तिनं तो कुठेही खाली टेकवला नाही.