मुकुट कुठल्या गटात?

"चोरी? माझ्या मावशीनं? तुमच्या जिभेला काही हाड आहे का?" चिमटी कडाडली.

नाटकांना सामान भाड्यानं देणारं ते भांडार मावशी कित्येक वर्षं एकटी सांभाळत होती. आज राजाचा मुकुट सापडेना! संध्याकाळी प्रयोग. मुकुट मिळाला नाही, तर मावशीची नोकरी जाणार होती.

"माझ्या पद्धतीत वस्तू हरवूच शकत नाही! कोणीतरी नेलीच असणार," नवे व्यवस्थापक छाती फुगवून म्हणाले.

सुट्टीत आलेल्या चिमटीनं आणि मावसभाऊ ढब्बूनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'अतिशहाणे'. मावशीच्या पेट्यांवर 'राजा', 'राक्षस', 'शिपाई' असं लिहिलेलं असे. अतिशहाण्यांनी आल्या आल्या त्या उपसल्या आणि नवे गट पाडले. कोणाला विचारतील तर शपथ!

"ताई, हे बघ!" ढब्बू फडताळामागून ओरडला. "राक्षसाच्या मिश्या बुटांच्या ब्रशांशेजारी!"

"आणि शिपायाची तलवार झाडूंच्या दांड्यांत!" चिमटी थबकली. तिनं पाट्या वाचल्या: केस, लाकूड, कापड. "अरे देवा! वस्तू कोणाची ते बघायचं सोडून यांनी ती कशाची आहे ते बघितलंय! ढब्ब्या, मुकुट कशाचा होता?"

"सोन्याचा!"

"सोन्याचा म्हणे! सोनेरी कागद नुसता वरून. आत काय?"

"पुठ्ठा!"

पुठ्ठ्याचं फडताळ रिकामं होतं.

"तो सगळा आत्ताच रद्दीवाल्याला दिला," अतिशहाणे ऐटीत म्हणाले. "रिकामी खोकी नुसती जागा अडवत होती!"

दोघं धूम पळाले. "काका, थांबा! गाडी थांबवा!"

गल्लीच्या वळणावर रद्दीवाल्यानं हातगाडी थांबवली. ढब्बूनं भराभर खोकी उपसली, आणि तळाशी मुकुट! एक टोक वाकलेलं, बाकी थाट शाबूत.

भांडाराच्या मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत मावशीची माफी मागितली. "शाबास रे पोरांनो! आता पेट्या पुन्हा मावशी लावायची तशा लावा. मागणाऱ्याला जिच्यात चटकन सापडतं, तीच खरी मांडणी."

"आणि यांना कुठे ठेवायचं?" ढब्बूनं अतिशहाण्यांकडे बघत हळूच विचारलं.

"लाकडात," चिमटी पुटपुटली. "पण वर 'ठोकळा' अशी ठळक चिठ्ठी लाव. नाहीतर उद्या कोणी डोकं समजून भाड्यानं नेईल!"

मालकीणबाईंना एकाएकी जोराचा खोकला आला.