सगळ्यात आतल्या फोल्डरातले गृहस्थ

आपण मूर्ख आहोत याची तिला जुनीच कल्पना होती. फक्त आपण इतक्या टापटिपीनं मूर्ख असू शकतो, हे क्लिनिकमध्ये नोकरीला लागल्यावर कळलं.

क्लिनिक व्यायामानं दुखणी बरी करण्याचं होतं. आखडलेले खांदे, धरलेल्या कंबरा, कुरकुरणारे गुडघे. एक डॉक्टरीणबाई, दोन पलंग, मध्ये हिरवा पडदा आणि शेक द्यायचं एक यंत्र, जे चालू असलं की झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरायचं. सगळीकडे मलमाचा थंड, नाकात झोंबणारा वास. पुढच्या खोलीत टेबलामागे ही. मुलं मोठी होईपर्यंत घरीच होती, चाळिशी उलटल्यावर पहिली नोकरी, त्यामुळे उत्साह नको तितका. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलण्यात करड्या. "ताई, महिनाभर बघू," असं म्हणून त्यांनी हिला ठेवलं होतं. ते 'बघू' तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

काम तसं सोपं. पेशंट घरी गेला की त्यानं करायच्या व्यायामांचे व्हिडिओ त्याच्या फोनवर पाठवायचे. कुठकुठल्या साइटवरचे शेकडो व्हिडिओ, त्यांच्या लिंका कम्प्युटरवर जपून ठेवलेल्या. हे जपायचं काम हिच्या आधी या टेबलामागे बसणाऱ्या पहिल्या बाई करायच्या. त्या निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या होत्या, आणि मागे ठेवून गेल्या होत्या फोल्डर. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. एक लिंक काढायची म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतल्या पिशवीतल्या डब्यातून सुई काढण्यासारखं.

आणि सुई एकाच डब्यात राहणार. खुर्चीत बसून करायचा मानेचा व्यायाम 'मान'मध्ये ठेवायचा, 'बसून'मध्ये, की 'वयस्कर'मध्ये? बाईंना आठवेल तिथे तो असायचा, हिला आठवेल तिथे कधीच नाही. मग तिला टॅगांचा शोध लागला. फोल्डर नकोतच. एकाच व्हिडिओला 'मान', 'बसून', 'वयस्कर' अशा तीन चिठ्ठ्या डकवायच्या, कुठल्याही नावानं हाक मारा, तो ओ देणार. तिला हे इतकं पटलं की तिनं जेवताना नवऱ्याला सविस्तर समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मीठ मागितलं.

सगळं हातानं करायचं म्हणजे महिना गेला असता. पण तिला एक सोय सापडली. बटण दाबलं की फोल्डरचं नाव आपोआप टॅग होतं. फोल्डरात फोल्डर असेल तर दोन्ही नावं लागतात. तिनं दाबलं. वर 'जुने फोल्डर काढून टाकू का?' असं विचारल्यावर हसतमुखानं 'हो' म्हणाली. कुणी चहा टाकू का विचारावं, तसं.

काढून टाकण्याआधी एक विचित्र गोष्ट तिनं पाहिली होती. अगदी खाली, एका कोपऱ्यात, 'मान' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. त्यात 'खांदा', खांद्यात 'कोपर', कोपरात 'मनगट', मनगटात 'कंबर', कंबरेत 'गुडघा', गुडघ्यात 'घोटा'. आणि सगळ्यात आत एकच लिंक, बिननावाची. बाईंनी अख्खा माणूस घडी घालून ठेवला होता की काय, म्हणून ती एकटीच हसली होती. लिंक उघडून बघायचं मात्र सुचलं नाही.

आता हिशेब बघा. जितकं आत, तितके टॅग जास्त. जी लिंक सगळ्यांत खोल पुरली होती, ती आता सगळीकडे वर आली होती, आणि वरची म्हणून सगळ्यांनाच जात होती.

दोन दिवसांनी गुडघ्याच्या काकूंचा फोन आला. गुडघा आहे तसाच आहे, पण मान काय सुंदर सुटली आहे म्हणून सांगू, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. ते गृहस्थ किती सावकाश शिकवतात! कोण गृहस्थ, असं हिनं विचारेपर्यंत काकूंनी फोन ठेवलाही.

मग मनगटासाठी येणारे शिंपी आले. त्यांनाही गृहस्थ आवडले होते, विशेषतः त्यांच्या शर्टाची कॉलर. असं काम हल्ली कुणी करत नाही म्हणाले. मग पडद्याकडे बघून आवाज खाली आणला.

"परवा पाठीमागून नुसती कॉलरच दिसत होती, ताई. आज कानही दिसला."

दुपारी क्लिनिक बंद झालं. डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेल्या. तिनं 'घोटा' टाइप केलं आणि सगळ्यात वर आलेली ती बिननावाची लिंक उघडली.

एक खोली. कोरी भिंत, दुपारचा पिवळट उजेड. मधोमध साधी लाकडी खुर्ची, त्यावर पाठमोरे बसलेले एक गृहस्थ. विरळ केस, पांढरा शर्ट, कडक कॉलर. काही बोलणं नाही, संगीत नाही. नुसता मान उजवीकडे वळवण्याचा व्यायाम, पण इतका सावकाश की वळतेय हे डोळ्यांना कळू नये. थोडंसं वळायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे. कान दिसत होता. कानामागचा एक तीळ. गालाची कड...

आणि खोलीत गरम इस्त्रीचा वास आला.

यंत्र बंद होतं. प्लग काढलेला होता, तिनं जाऊन बघितला. परत येऊन बसली, तर गृहस्थ थांबले होते. व्हिडिओ थांबला नव्हता, त्यातला भिंतीवरचा उजेड हलत होता. तेच थांबले होते. कुणीतरी उठून गेलं तर आपण अदबीनं थांबतो, तसे.

तिनं ती लिंक पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागेवर होती, सगळ्या टॅगांसकट. मग तिनं एक हुशारी केली. त्या लिंकचे सगळे टॅग काढले. टॅगच नाही तर कुठल्याच नावानं सापडणार नाही! पण त्या सोयीला एक सवय होती. ज्याला टॅग नाही, ते ती सगळ्यांच्या वर दाखवायची, 'हे कुठे ठेवू?' म्हणून. म्हणजे आता कम्प्युटर चालू केला की पहिले गृहस्थच. तिनं घाईघाईनं टॅग परत लावले.

संध्याकाळी तिनं पहिल्या बाईंना फोन केला. आधी तब्येत, नातवंडं, लेकीचं नवं घर सगळं झालं. मग हिनं टॅगांचं सांगितलं. बाईंनी मध्येच अडवलं.

"ते सगळ्यात आतलं... तेही बाहेर काढलंस?"

"सगळंच काढलं, बाई."

"अगं, ती दारं होती..."

हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या लागल्या तेव्हापासून ती लिंक होतीच, कुणी ठेवली माहीत नाही. आधी ती 'मान'मध्येच होती. पण रोज पाठवली की त्यातला माणूस रोज थोडा वळायचा. मग त्यांनी तिच्याभोवती एक फोल्डर केलं, मग दुसरं. जितकं आत टाकलं तितकी मान पुन्हा सरळ होत गेली. अगदी आत गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून गप्प बसला. आणि त्यांना झोप लागू लागली.

"पूर्ण वळला तर काय होतं?" हिनं विचारलं.

"मी होऊ दिलं नाही," बाई म्हणाल्या. "फोल्डर परत करता येतात ना? कर. आजच कर."

करता येत होते. तिनं तपासूनही ठेवलं होतं. पण घरी गेल्यावर एक अडचण निघाली, आणि ती अडचण म्हणजे सासरे.

सासऱ्यांची मान गेल्या थंडीपासून डावीकडे वळत नव्हती. क्लिनिक त्यांच्या घराच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की दार. पण तो रस्ता मोठा, आणि डावीकडून येणारी गाडी दिसण्यासाठी त्यांना अख्खं अंग फिरवावं लागायचं, तोवर ती गाडी निघून जाऊन दुसरी आलेली असायची. एकदा एका गाडीनं इतका करकचून ब्रेक मारला की ते फुटपाथवरच बसले. त्या दिवसापासून बाहेर पडणं बंद. हिनं हात धरून नेते म्हटलं, तर म्हणाले, आज हात धरशील, उद्या घास भरवशील. रोज बागेत भेटणारे मित्र भेटायचे थांबले. बोलणंही थांबत चाललं होतं. दिवसभर खुर्चीत, समोर बघत. हिला क्लिनिकच्या खिडकीतून घराच्या गॅलरीतली ती सरळ ताठ मान दिसायची. नोकरी गेली असती तरी चाललं असतं एक वेळ. पण ही मान अशीच राहिली तर तो माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

व्यायामाचे व्हिडिओ हिनं त्यांनाही पाठवले होते. आजवर एकही उघडला नव्हता. त्या संध्याकाळी ती घरी गेली तर सासरे फोन समोर टेकवून बसलेले, समोर ते गृहस्थ. सासऱ्यांची मान डावीकडे, चक्क खांद्याच्या दिशेनं, वळलेली.

"बाबा, हे कधीपासून?"

"चार दिवस झाले. हा बरा आहे. उगाच बडबड करत नाही." मग जरा अभिमानानं, "तो उजवीकडे, मी डावीकडे. आमचं ठरलंय."

घरात इस्त्रीचा वास येत होता. तिनं नवऱ्याला विचारलं, इस्त्री केलीस का? इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला गेला होता. तो गोंधळून बघतच राहिला.

रात्री तिनं विचार केला. एकीकडे बाईंनी बजावलेली गृहस्थांची मान, दुसरीकडे सासऱ्यांची मान. दोन्ही जराजराशा वळत होत्या. त्याला आत टाकलं तर तो भिंतीकडे तोंड करणार, आणि सासरे? ते दुसऱ्या कुठल्या व्हिडिओला भीक घालणार नव्हते. शेवटी तिनं मध्यम मार्ग काढला. त्याचे सगळे टॅग काढले आणि एकच ठेवला, 'मान'. गुडघ्याच्या काकूंचा गुडघा तरी वाचला. आणि बाईंना मेसेज केला की झालं काम. खोटं बोलताना तिच्या कानाला कुणीतरी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटलं, पण पंखा चालू होता.

त्यानंतर सासरे रोज बातमी द्यायचे. आज तो पुढे गेला. आज मी गाठला. आज त्याला दम लागला, मी थांबलो त्याच्यासाठी. जेवताना ते डावीकडे बसलेल्या नातीला चिमटा काढायला लागले, तेव्हा हिला ताटावर रडू आलं आणि तिनं तिखट जास्त झाल्याचं कारण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ तपासले, गृहस्थांचाही बघितला, आणि म्हणाल्या, "हालचाल अगदी बरोबर आहे यांची. कोण आहेत हे? चेहरा नाही दिसत..." मग हात चोळत आत गेल्या आणि पंखा बंद करून आल्या. पण महिना भरला तेव्हा तिला ठेवून घेतलं.

हिनं मात्र ती लिंक पुन्हा उघडली नव्हती. गालाची कड आठवली की पुरे व्हायचं.

उघडली ती थेट काल दुपारी. क्लिनिक रिकामं, पडदा स्तब्ध, रस्त्यावर गाड्यांचा आवाज. सकाळपासून मानेच्या तीन पेशंटांनी फोन करून विचारलं होतं की व्हिडिओ बिघडलाय का. तिनं डोळे बारीक करून, एका बोटानं, लांबूनच दाबलं.

कोरी भिंत. पिवळट उजेड. लाकडी खुर्ची.

खुर्ची रिकामी होती. आता तिचं तोंड इकडे होतं आणि पाठ भिंतीकडे सरकवलेली होती, उठताना सरकवतात तशी.

तिचा हात फोनकडे गेला. घरी लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. ती उठून खिडकीशी गेली. गॅलरीतली खुर्चीही रिकामी. खाली रस्ता नेहमीसारखाच भरून वाहत होता, आणि डावीकडून एक ट्रक येत होता...

तेवढ्यात दार उघडलं. दारात सासरे. केस विंचरलेले, घाम आलेला, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं हसू. त्यांनी मान मस्त डावीकडे वळवून आधी पलंगांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग हिच्याकडे. सगळी खोली मानेनंच फिरून बघितली. त्यांच्यामागचं दार मात्र लगेच मिटलं नाही. कुणीतरी हातानं धरून ठेवावं तसं जरा थांबलं, मग अलगद लागलं. खोलीत गरम इस्त्रीचा वास आला.

 रडावं की हसावं की ओरडावं, तिघांपैकी कुणाचाच नंबर लागेना.

"बाबा," ती म्हणाली, "एवढा रस्ता... एकट्यानं ओलांडलात?"

"एकटा कशाला?" सासरे चपला काढत म्हणाले. "मी डावीकडे बघत होतो, तो उजवीकडे."