रिकाम्या टाकीतलं डिझेल

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. आयुष्य पाने-पकडीत गेलं. अक्षरं उतारवयात शिकलो, तीही धाकट्या भावाच्या बायकोने चिकाटीने शिकवली म्हणून. तीच म्हणाली, "दादा, जसं झालं तसं लिहून ठेवा. आपल्या दोघांशिवाय कुणी ऐकलेलं नाही."

हे रात्रीचं नाही, ते आधीच सांगतो. भर दुपारी सुरू झालं. आमच्याच गॅरेजमध्ये. पुढे गॅरेज, मागे आमच्या खोल्या, मध्ये एक दार.

धाकटा जीप चालवायचा. जुनी, दणकट, चारही चाकं ओढणारी. माळाच्या पलीकडे जमीन मोजणाऱ्यांची छावणी होती, तिथे सामान पोचवायचा. त्या बाजूला रस्ता नाही, पंप नाही, माणूस नाही. गाडीची मूळ टाकी लहान, म्हणून टपावर डिझेलचे कॅन बांधून न्यावे लागत. एकदा वाटेत कॅन फुटला आणि तो कसाबसा घरी पोचला.

आल्या आल्या म्हणाला, "दादा, ही टाकी काढ. मोठी बसव."

टाकीवाल्याकडून मोठी टाकी बनवून आणली. जुन्या टाकीखाली जॅक लावला, जॅकवर फळी ठेवली, पट्टे सोडले, नळ्या काढल्या आणि तिला हळूच खाली घेतलं. मोठी वर चढवली तर ती चांगलीच खाली लोंबायला लागली.

"गाडीला पोट सुटलं की रे," मी म्हणालो.

"घराण्यातच आहे," तो म्हणाला आणि माझ्या पोटाकडे बघत राहिला.

मधल्या दारातून भावजयीचा आवाज आला, "सगळी पोटं बाहेर काढा आता. जेवण निवतंय."

आमच्या गॅरेजची एक रीत आहे, वडिलांपासूनची. गाडीतून काढलेली मोठी वस्तू लगेच भंगारात द्यायची नाही. गाडी पहिली लांबची फेरी करून परत आली, की ज्याची गाडी त्याने स्वतःच्या हाताने द्यायची. तोवर ती वस्तू गाडीत जशी बसलेली असते तशीच ठेवायची. पुढचं पुढे, मागचं मागे. नव्या वस्तूने दगा दिला तर कुठली नळी कुठे होती ते शोधत बसायला नको, एवढंच कारण.

जुनी टाकी मी साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात उपडी घातली. हात भाजेपर्यंत वाळवली. मग कोपऱ्यात विटांवर तशीच ठेवली, गाडीत होती तशी. भोकांना चिंध्यांचे बोळे लावले.

सकाळी भाऊ निघाला. एकटाच.

दुपारी मी एका ब्रेकचं काम करत बसलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आणि कोपऱ्यातून आवाज आला...

डुचुक.

मला वाटलं, बादली असेल. बादली रिकामी होती.

पुन्हा... डुचुक. डुचुक.

टाकीजवळ गेलो. आम्ही टाकी बोटांच्या पेरांनी वाजवून बघतो. रिकामी असेल तर ठणठण वाजते, भरलेली बद्द वाजते.

वरपासून खालपर्यंत वाजवली.

बद्द.

बोळा काढला, बॅटरी मारून आत पाहिलं. कोरडा ठणठणीत पत्रा. आत तार घालून बाहेर काढली. कोरडी. आणि मी वाकून आत बघत असतानाच, माझ्या नाकाखाली, काहीही न हलता आवाज झाला...

डुचुक.

भावजयीला हाक मारली. मी काहीच सांगितलं नाही. तिने टाकीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. तशीच आत गेली, फोन घेऊन आली, स्पीकर चालू केला.

"अहो, कुठे पोचलात?"

"नाल्यात उतरतोय," फोनमधून भाऊ म्हणाला. "थांब जरा, उतार आहे."

टाकीतलं सगळं पुढे वाहून आलं. आम्ही ऐकलं.

"हां. आता चढ."

सगळं मागे गेलं.

मला ते सहन होईना. आवाज थांबावा म्हणून मी टाकीची डावी बाजू धरून उचलली. जेमतेम चार बोटं.

"अरे, अरे..." फोनमधून आवाज आला. "गाडी डावीकडून उचलल्यासारखी झाली. खाली तर काही नाहीये."

मी टाकी खाली ठेवली.

"बसली," तो हसला. "दगडावर चाक गेलं असेल. दादाला सांग, पोट सांभाळून चालवतोय."

"तुम्ही परत या," भावजय म्हणाली.

"टाकी भरलेली आहे माझी. परत कशाला येऊ?"

तेवढ्यात रेंज गेली.

मग आम्ही दोघं तिथेच बसलो. कान टाकीकडे. कधी संथ, कधी धक्के. तेवढ्यावरून आम्हाला कळत होतं की गाडी चालते आहे. दिवे लागायच्या वेळी...

एकच मोठा आवाज झाला. सगळं डिझेल एका अंगाला आपटलं.

आणि तिथेच राहिलं.

मी पेरांनी वाजवलं. उजवी बाजू वरपर्यंत बद्द. डावी ठणठण.

"काय झालं?" तिने विचारलं.

"गाडी कुशीवर पडली."

"मग उचला, दादा. मगाशी उचललीत तशी. सरळ करा."

मी दोन्ही हातांनी टाकी धरली. जुना पत्रा, ती मला जड नव्हती. पण माझ्या डोळ्यांसमोर एखाद्या खोल नाल्याचा काठ उभा राहिला. गाडी कशाला टेकून पडली असेल? मी इकडून उचलली आणि ती तिकडे गडगडत गेली तर? तो आत असेल की बाहेर? गाडीखाली असेल तर?

"दादा, उचला ना."

"आणि पलीकडे खोल असलं तर?"

ती म्हणाली, "नका उचलू." थोड्या वेळाने पुन्हा, "उचला." मग तिने तोंडाला पदर लावला.

माझे हात टाकीवर होते आणि मला काही करता येत नव्हतं. आयुष्यात इतकी यंत्रं सरळ केली. त्या वेळी माझ्या हातांचा काही उपयोग नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे.

मग हाताखाली टाकी थरथरली. मी हलवली नव्हती...

डिझेल सावकाश समतल झालं. कुणीतरी गाडी सरळ केली होती.

आणि पुन्हा सुरू झालं. डुचुक. डुचुक. गाडी चालायला लागली.

आम्ही रडलो, इतकं बरं वाटलं.

पण तो छावणीवर पोचला नाही. परतही आला नाही. पोलीस गेले, छावणीची माणसं गेली, मी गेलो. नाल्यात उतरणारे चाकांचे वण होते. चढणारेही होते. पुढे सपाट माळावर, मधेच, वण संपले होते. पडलेल्या गाडीची खूण कुठेच नव्हती.

टाकी मात्र चालूच राहिली.

हळूहळू कमी व्हायची. बद्द आवाजाची रेघ खाली खाली सरकायची. तळाला आली की आम्ही जेवण सोडून टाकीपाशी बसायचो. मग एखाद्या दुपारी आतून घळघळ आवाज यायचा आणि ती काठोकाठ भरायची. कोण भरत होतं, कुठे, मला माहीत नाही.

भंगारवाला विचारून गेला. मी नाही म्हणालो. फेरी संपलेली नव्हती.

गेल्या महिन्यात, दुपारीच, भावजय टाकीजवळ भाजी निवडत बसली होती. एकदम थांबली.

"दादा, हा आपल्या पुलाचा दणका आहे."

मी ऐकलं. दणका. मग थोडं सरळ. मग शाळेपुढचे गतिरोधक, एकामागून एक. मग आमच्या गल्लीचं वळण.

मी शटर पूर्ण वर केलं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. गल्ली मोकळी होती.

टाकीत डिझेल पुढे गेलं, मागे आलं. तो गाडी नेहमी उलटी आत घ्यायचा.

मग शांत झालं.

गाडी लावायची जागा आमच्या समोर होती. रिकामी.

टाकी किंचित हलली. गाडीतून माणूस उतरल्यावर हलते, तशी.

"आलात?" ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली.

काही नाही. ती हात पुढे करून दोन पावलं चालली, चाचपडत. मी धाकट्याला हाक मारली. पुन्हा मारली.

बऱ्याच वेळाने... टाकी पुन्हा किंचित हलली. कुणीतरी चढून बसलं.

आणि आवाज निघाला. वळण. गतिरोधक. पूल.

ती जमिनीवर बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्यांना घर रिकामं दिसलं असेल का हो?"

हे लिहितोय तेव्हा टाकी माझ्या पाठीमागेच आहे. तो कुठेतरी लांब चालला आहे. आवाज बारीक होत चाललाय, आणि आत किती उरलंय ते वाजवून बघायला माझा हात पुढे होत नाही.