पुठ्ठ्याचा पारवा

"पूस, पूस! पंखाखाली अजून एक डाग राहिलाय!" लंबू ठमीच्या डोक्यावरून स्क्रीनकडे बघत ओरडला.

"दिसतोय मला! तू आधी माझ्या मानेवर श्वास सोडायचा थांब!"

ठमीने चिमणीचा फोटो आणखी मोठा केला. चोचीच्या मुळाशी मिशांसारखे बारीक केस दिसत होते आणि पंखाखाली, छातीवर एक तपकिरी ठिपका. तिने माऊस फिरवला. ठिपका गायब! चिमणी कशी लख्ख दिसायला लागली.

बाबांचा फोटो स्टुडिओ इमारतीच्या सगळ्यात वर, गच्चीला लागून होता. सुटी लागल्यावर त्यांनी जुना कॅमेरा पोरांच्या हवाली केला होता. गच्चीतल्या पाण्याच्या भांड्यावर येणाऱ्या साध्यासुध्या पक्ष्यांचे अगदी जवळून फोटो काढायचे आणि इमारतीच्या जिन्यात प्रदर्शन लावायचं, असा बेत. शेजारचा लंबू फोटो काढायचा, ठमी ते साफ करायची आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू, जेव्हा अजिबात हलायचं नसतं नेमका तेव्हा हलायचा.

धप्!

खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी आदळलं. तिघं धावली. साळुंकी होती. तिने एक पंख झाडला, चोच उघडली, मिटली. मग मान कलली. छातीवरचं रक्त अजून वाहत होतं.

"अजून एक मेली!" टिल्लू रडवेला झाला. "रोगाने?"

ठमी खाली वाकली. ती त्या जखमेकडे बघत होती. वाटाण्याहून लहान, गोल. अशीच गोल खूण तिने आत्ता चिमणीच्या छातीवरून पुसली होती. काल होल्याच्या मानेवरून. परवा पारव्याच्या पंखावरून.

"लंबू," ती हळूच म्हणाली, "ते डाग नव्हते. कोणीतरी यांना छर्रे मारतंय. आणि मी जखमा पुसत बसलेय."

"मग मूळ फोटो दाखवू ना सेक्रेटरी आजोबांना!"

"मी त्याच नावाने सेव्ह केलेत. मूळ एकही उरला नाही."

"मूळ फोटोला हात लावायचा नाही, असं तुझे बाबा शंभरदा सांगतात आणि तू..."

"माहितीये मला!"



इमारतीच्या सेक्रेटरी आजोबांनी मेलेले पक्षी पाहून रोगाची साथ जाहीर केली होती. आज दुपारी जाळी आणि पोती घेऊन माणसं येणार होती. गच्चीवरचे सगळे पक्षी पकडून मारून टाकायचे, असं ठरलं होतं. मुलं साळुंकी घेऊन खाली धावली, तर आजोबा चार पावलं मागेच सरकले.

"हात कसला लावताय! टाका त्या चुन्याच्या पोत्यात!"

"आजोबा, हिला छर्रा लागलाय. बघा तरी!"

"चोची मारतात एकमेकांना! व्हा बाजूला!" त्यांनी स्वतः काठीने साळुंकी पोत्यात ढकलली आणि सफाईवाला पोतं घेऊन गेला.

तिघं पुन्हा वर आली. बाबा बाहेरगावी कामावर होते. विचारायचं कोणाला?

"मारणाऱ्याला पक्षी दिसला की तो मारणारच," ठमी म्हणाली. "आपण त्याला पक्षी देऊ. आपले!"

तिने काल मेलेल्या त्या पारव्याचा फोटो खऱ्याएवढा छापला. लंबूने तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापला आणि मागे बोटभर अंतर सोडून दुसरा पुठ्ठा जोडला. टिल्लूने भांडं उपडं केलं आणि हात नाचवत, बोंबलत सगळे खरे पक्षी हाकलले. हे काम त्याला फारच झकास जमलं! पुठ्ठ्याचा पारवा कठड्यावर बसला आणि पोरं पाण्याच्या टाकीमागे लपली.

फट्!

पारवा थरथरला. लंबू पोटावर सरपटत कठड्यापर्यंत गेला. हातात ठमीच्या आईची विणकामाची सुई होती. त्याने मागून हात वर करून दोन्ही पुठ्ठ्यांच्या भोकांतून ती आरपार घातली. सुईचं टोक सरळ समोरच्या गॅरेजकडे वळलं. पोटमाळ्याच्या खिडकीकडे.

"आपले गॅरेजकाका?" टिल्लूचे डोळे विस्फारले. "त्यांनी तर माझी सायकल फुकट दुरुस्त केली!"

 ठमीने मोठी लेन्स लावली आणि टाकी आणि पाइपच्या मधल्या फटीतून रोखली. आधी डोळा स्पष्ट दिसला पाहिजे, मग बाकीचं. बाबांनी शिकवलं होतं. खिडकीत नळी आली, मग बंदुकीला टेकलेला गाल, मग एक मिटलेला आणि एक उघडा डोळा. काका हसत होते.

क्लिक! फट्!

छर्रा लोखंडी पाइपवर आपटला आणि उलटा फिरला. "मला बघू दे ना!" म्हणत टिल्लूने नेमकं तेव्हाच डोकं बाहेर काढलं होतं. तो किंचाळला. भुवईवरून रक्ताची धार गालावर आली.

"डोळा! टिल्लू, डोळा उघड!"

डोळा उघडला. शाबूत होता. जखम केसभर वर होती. ठमीने त्याला कवेत उचललं, लंबूने पारवा उपटला आणि तिघं जिन्यावरून खाली धावली.

अंगणात जाळीवाले येऊन थांबले होते. आरडाओरड ऐकून गॅरेजकाकाही पळत आले.

"अरे, काय झालं पोराला? पडला वाटतं!"

"तुमचा छर्रा लागला," ठमी म्हणाली.

"माझा? मी गाडीखाली होतो सकाळपासून!"

लंबूने पारवा पुढे केला, सुईसकट. काकांनी झडप घालून त्याचं मनगट असं पिरगाळलं, की तो कळवळून खाली बसला. पारवा काकांच्या हातात गेला. पण ठमीने तोवर कॅमेऱ्याचा स्क्रीन सेक्रेटरी आजोबांच्या चष्म्यासमोर धरला होता.

आजोबांनी पाहिलं. मग टिल्लूची भुवई बोटांनी चाचपून पाहिली. हाताला लागलेलं रक्त त्यांनी धोतराला नाही, रुमालाला नाही, नुसतंच दुसऱ्या हाताला पुसलं.

"सोड त्या मुलाला!" ते गरजले. लंबूचं मनगट सुटलं. "जाळीवाले, तुम्ही निघा. इथे रोगबिग काही नाही. टिल्लूला आधी दवाखान्यात न्या. पोलिसांना मी बोलावतो. ठमी, लंबू... मी डोळे असून पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. शाबास!"

"आणि मी?" टिल्लू भुवईवर धरलेल्या रुमालाखालून म्हणाला.

"तू तर शूर शिपाई आहेस रे बाबा!"

जाळीवाले रिकामी पोती खांद्यावर टाकून निघाले. गॅरेजकाका मात्र जागचे हलले नव्हते. "रंगवलेल्या गाड्या खराब करतात," ते पुटपुटले. "ताज्या रंगावर घाण करतात..."  त्यांचं लक्ष हातातल्या पुठ्ठ्याकडे गेलं. मानेवरचं एकेक पीस दिसत होतं. कुठे हिरवं, कुठे जांभळं. त्यांनी आयुष्यभर गाड्या रंगवल्या होत्या. त्यांचा अंगठा त्या मानेवरून सावकाश फिरला आणि भोकापाशी अडला.

"असा रंग असतो याच्या मानेला?" त्यांनी विचारलं.

"होता," ठमी म्हणाली.