तेविसावी मोजणी

जुलैत दुपारी साडेबाराला कामगारांची उन्हाची सुट्टी झाली की मस्कतच्या गाला भागातल्या फिलिपच्या गॅरेजमागचं आवार ओस पडायचं. त्या भाजत्या वाळूत त्याची धाकटी बहीण इव्हॉन छत्री धरून एका लोखंडी चौकटीपाशी बसली होती. शहाणी माणसं या वेळी एसीखाली आडवी होतात, पण ही पडली पीएचडी झालेली!

इव्हॉन वनस्पतिशास्त्रज्ञ. वसईची ही पोरगी दर जुलैला उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर जायची आणि तिथल्या ठरलेल्या एका चौरस मीटरमधली जांभळी फुलं मोजायची. अशी बावीस वर्षं. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती मस्कतला भावाकडे राहिली आणि बेटावर तिची विद्यार्थिनी मेरिल गेली. "एक वर्ष चुकलं ना दादा, की बावीस वर्षं पाण्यात," असं ती दिवसातून दहादा म्हणायची. काळजीनं तिचं जेवणावरून मन उडालं होतं.

फोनवरून मेरिलला ओळीओळीनं सांगता यावं म्हणून तिनं वेल्डर जनार्दनकडून तिथल्यासारखीच चौकट करून घेतली होती. आत दोरे ताणून शंभर खण पाडले होते.

चौकट वाळूत ठेवली त्या दिवशी जनार्दननं आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"अर्बाब, हंय थंड लागता," तो आपल्या मालकाला, फिलिपला म्हणाला.

"ऊन चढलंय तुला," फिलिप हसला. मग जनार्दन गेल्यावर त्यानं स्वतः हात घालून पाहिला. मासळीबाजारातल्या बर्फाच्या पेटीत घालावा तसा हात मनगटापर्यंत गारठला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आज फोन स्पीकरवर होता. वाऱ्याच्या घोंघाटातून मेरिलचा आवाज आला, "मॅडम, चौकट बसली. सुरू करते."

बहिणीसाठी लबानची, गार ताकाची बाटली घेऊन आलेला फिलिप थबकला. चौकटीत सावली पडली होती. त्याची स्वतःची सावली पायाखाली गोळा झालेली, आणि ही मात्र लांबलचक, टोपडं घातलेली, वाकलेली. चौकटीच्या बाहेर तिचा मागमूस नव्हता.

"इव्हॉन, हे काय गं?"

"मेरिल आहे," ती हळूच म्हणाली. "बघ, किती नीट मोजतेय." दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला होता.

एक्याऐंशी. ब्याऐंशी. सावलीचा हात खणाखणावरून सरकत होता.

मग वरच्या कडेनं दुसरी सावली आत आली. रुंद, चार पायांवर. थांबत थांबत.

फिलिप फोनवर वाकला. "मेरिल, बेटा, तुझ्यासोबत कोण आहे?"

"कोणी नाही, अंकल. सगळे बोटीवर आहेत. का हो?"

दुसरी सावली पहिलीच्या पाठीशी येऊन थांबली.

"तिला सांग, मागे बघ म्हणावं!" फिलिप ओरडला. पण त्याआधीच इव्हॉननं फोनच्या माइकवर तळवा दाबला होता. तिलाही दिसलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं बिचारीच्या, पण हात काही निघेना.

"दोनच ओळी राहिल्यात, दादा," ती म्हणाली. "मोजून होऊ दे."

"एकशे तेवीस," मेरिल मोजत होती. "एकशे चोवीस."