पांढऱ्यावर पांढरं

थोरलीच्या घरात पाहुणा आला की खुर्चीवर टेकायच्या आधी नकळत कपडे झटकायचा. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण घरच तसं होतं. पडद्यांच्या चुण्या सारख्या अंतरावर, उशांचे अभ्रे पडद्यांच्या काठाशी रंग जुळवून शिवलेले, जेवणाच्या टेबलावर मधोमध कापडी फुलांचा बुटका गुच्छ. बुटका अशासाठी, की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत. दर शनिवारी ती याच टेबलाभोवती घरसजावटीचा वर्ग घ्यायची. नॅपकिनच्या घड्या, ठशांची छपाई, टेबल मांडणं. शिकायला येणाऱ्या बायका तिला जरा घाबरून असत, आणि ते तिला आवडायचं.

दोघा भावांच्या बायका, म्हणून सगळ्या नात्यागोत्यात एक थोरली आणि दुसरी धाकटी. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या घरात एक पडदा धड टांगलेला नसे. पण शिंप्याकडच्या चिंध्या आणून ती अशा काही उशा शिवायची, की हातात घेतलेली उशी माणूस खाली ठेवत नसे.

"शिवण कुठं सरळ आहे हिची?" थोरली एकदा नवऱ्याला म्हणाली होती.

"सरळ नाही," तो म्हणाला, "पण बघत बसावंसं वाटतं."

ते वाक्य थोरलीच्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

पांढरा टेबलक्लॉथ तिला जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. बंद पडलेल्या एका हॉटेलचं सामान विकायला आलं होतं. जाड सुती कापड, आणि कडेनं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला वेल. जवळ जाऊन बोट फिरवलं तरच कळावा असा.

"घेऊन टाका बाई," दुकानदार म्हणाला. "याला डाग म्हणून राहत नाही. इतकी वर्षं हॉटेलात होता, बघा, कोरा करकरीत."

"मग हॉटेल का बंद पडलं?"

"लोक यायचे बंद झाले," एवढंच म्हणून तो बांधाबांध करायला लागला.

सहा खुर्च्यांच्या टेबलावर तो मापून कापल्यासारखा बसला. थोरली त्या दिवशी येता-जाता त्याच्यावरून हात फिरवत होती.

आठवड्याभरानं एका सकाळी नवऱ्याच्या जागेसमोर तपकिरी डाग दिसला. पेल्याएवढा गोल, एका बाजूला शेपटी. थोरलीनं कामवालीला फैलावर घेतलं. कामवालीनं हात वर केले. डाग कोरडा होता, त्याला वास नव्हता, साबणानं तो हललासुद्धा नाही. दुपारी नवऱ्याच्या कोपराचा धक्का लागून कॉफी सांडली. ती नेमकी त्या डागावर गेली, गोलावर गोल, शेपटीवर शेपटी. थोरली वैतागून टेबलक्लॉथ नळाखाली घेऊन गेली, आणि पहिल्या पाण्यात सगळं निघून गेलं. कॉफीही आणि आधीचा डागही.

योगायोग म्हणून तिनं सोडून दिलं. वेडगळ गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती.

पुढचा डाग निळा होता, वर्गाच्या दिवशी सकाळी आलेला, खिडकीकडच्या खुर्चीसमोर. तिथं नेहमी एक बँकेत काम करणारी बाई बसायची. ती त्या दिवशी आली नाही, तिच्या जागी दुसरीच बसली, आणि छपाईच्या निळ्या रंगाची वाटी त्या दुसरीच्या हातून कलंडली. थोरलीनं धावपळ केली नाही. ती उभी राहून रंग कुठवर पसरतो ते बघत राहिली. तो डागाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

तिसऱ्या वेळी डाग दिसताच तिनं टेबलक्लॉथ घडी करून कपाटात ठेवला आणि नुसत्या मॅट मांडल्या. रस्सा सांडायचा तिथंच सांडला.

म्हणजे डाग माणसाचा नव्हता, जागेचा होता. टाळता येत नव्हता. पण त्या जागी कुणी बसायचं, ते टेबल मांडणाऱ्याच्या हातात होतं.

हे कळल्यावर आपण हे कापड फेकून दिलं असतं, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. थोरलीला मात्र कितीतरी दिवसांनी मनापासून हसू आलं.

तिनं पहिली संधी साधली ती प्रदर्शन भरवणाऱ्या बाई घरी जेवायला आल्या तेव्हा. बाईंना हस्तकलेच्या मोठ्या प्रदर्शनात एकच दालन द्यायचं होतं, आणि ते थोरलीला हवं होतं. थोरलीला धाकटीलाही बोलवावं लागलं, कारण बाईंनी तिचं नाव घेऊन विचारलं होतं. सकाळी टेबलावर पिवळा, तेलकट डाग होता. थोरलीनं त्या जागेवर धाकटीच्या नावाचं कार्ड ठेवलं. कार्डं ती स्वतः करायची, जाड कागदावर वाळलेली पानं चिकटवून, टाकानं नाव लिहून.

आमटीचा डाव नेमका त्या डागावर आणि धाकटीच्या नव्याकोऱ्या फिकट कुडत्यावर उपडा झाला. सगळ्यांचे हात नॅपकिनांकडे गेले. मग धाकटीच हसली.

"बघा, कुडत्याला तोंडी लावणं मिळालं," ती म्हणाली. पिशवीतून सुई-दोरा काढून तिनं तिथंच बसल्या बसल्या डागाच्या कडेनं टाके घालायला घेतले. जेवण संपेपर्यंत डागाचं सूर्यफूल झालं होतं. बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या.

दालन धाकटीला मिळालं.

"ताई, तुमच्यामुळं झालं हं सगळं," जाताना धाकटीनं थोरलीचे दोन्ही हात धरले. "तुमच्या टेबलावर बसले म्हणून नशीब उघडलं."

थोरलीनं हात सोडवून घेतले. भांडी घासायची पडली होती.

सासूबाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला दुपारचं जेवण थोरलीकडे ठरलं. सासूबाई, थोरली आणि तिचा नवरा, दीर आणि धाकटी, आणि परगावाहून येणारी नणंद. सहा माणसं, सहा खुर्च्या. थोरलीनं आदल्या दिवशी टेबलक्लॉथ अंथरून ठेवला आणि सकाळी केस पुसत पुसत ती टेबलापाशी आली.

डाग मोठा होता. ताटाच्या जागेपासून सुरू होऊन तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या कापडावर उतरला होता, आणि वेलाच्या पानापानांतून झिरपत पार टोकाला गेला होता. रंग काळपट लाल. असा डाग कशाचा पडतो ते तिला बघताक्षणी कळलं, आणि कळलं नाही असं तिनं स्वतःला लगेच बजावलं.

तो स्वयंपाकघराकडच्या खुर्चीसमोर होता. ती थोरलीची रोजची जागा होती.

ती बराच वेळ उभी राहिली. केसांचं पाणी पाठीवर ठिबकत होतं. मग ती आत गेली आणि ठरलेलं सगळं बाजूला ठेवून तिनं बीट उकडायला टाकलं. बिटाचं सूप करायचं. सांडलं तर लालच दिसेल. नवरा म्हणाला, "आईला बीट आवडत नाही." ती म्हणाली, "रंगाला बरं दिसतं."

साडेबाराला सगळे जमले. धाकटी कार्डं वाचत टेबलाभोवती फिरली आणि स्वयंपाकघराकडच्या खुर्चीपाशी थांबली.

"ताई, चुकून तुमच्या जागेवर माझं कार्ड ठेवलंय."

"चुकून नाही. आज तू बस तिथं."

"अहो, पण तुम्हाला सारखं उठावं लागणार. सोयीचं तुम्हालाच."

"बस म्हटलं ना."

डागावर ताट, ताटावर नॅपकिन, खाली लोंबणाऱ्या भागावर थोरलीनं एक सजावटीची पट्टी सोडली होती. काही दिसत नव्हतं. धाकटीनं कार्ड उचललं आणि त्याच्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माझं नाव इतकं छान कुणी लिहिलं नव्हतं," ती नणंदेला म्हणाली. "आणि जागा बघा कुठली दिली. मला वाटायचं, ताईंना मी फारशी आवडत नाही."

"काहीतरीच तुझं," नणंद म्हणाली.

धाकटीनं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि ती बसली.

सूप आलं. थोरली समोरच्या खुर्चीवरून धाकटीच्या चमच्याकडे बघत होती. चमचा खाली जायचा, वर यायचा. सासूबाईंनी दोन घोट घेऊन वाडगा सरकवला. दिरानं कसलासा विनोद केला. धाकटीनं वाडगा तिरका करून शेवटचा चमचाही संपवला.

एक थेंब सांडला नाही.

थोरलीनं स्वतः उठून सगळे वाडगे उचलले. आता टेबलावर लाल असं काही उरलं नव्हतं.

"ताई, तुम्ही घामाघूम झालात," धाकटी म्हणाली. "बसा तुम्ही, मी वाढते."

ती खुर्ची मागे सारून अर्धी उठलीसुद्धा.

"बस," थोरली म्हणाली.

आवाज जरा चढला. सगळ्यांनी वर पाहिलं. धाकटी ओशाळून पुन्हा बसली.

बोलणं सुरू झालं. कुणीतरी पाणी मागितलं.

धाकटी हसत होती. हसता हसता ती थांबली, काहीतरी आठवल्यासारखी. तिनं नॅपकिन तोंडाला लावला.

नॅपकिन पांढरा होता.

तिनं थोरलीकडे पाहिलं. बाकी कुणाकडे नाही.

मग तिच्या तोंडातून रक्त आलं. आवाज झाला नाही. ताटात, ताटावरून टेबलावर, टेबलावरून खाली. दीर ओरडत उठला. थोरली जागची हलली नाही. ती कापडाकडे बघत होती. रक्त वेलापाशी आलं, पानापानांतून वळत गेलं, टोकाला पोचलं आणि थांबलं.

रुग्णालयाच्या वाटेवर धाकटी गेली. पोटातली शीर फुटली असावी, डॉक्टर म्हणाले. आधी काही त्रास होता का? कधीच नव्हता.

घरी एकटी परत आल्यावर थोरलीनं टेबलक्लॉथ नळाखाली धरला. पहिल्या पाण्यात तो कोरा झाला. तिनं तो वाळवला, इस्त्री केली आणि घडी घालून कपाटात तळाशी ठेवला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी त्याचंच तिला जरा नवल वाटलं.

वाटलं होतं तसं पुढं काही झालं नाही. धाकटी गेली, पण तिच्याबद्दलचं बोलणं गेलं नाही. उलट वाढलं. प्रदर्शनाच्या बाईंनी तिच्या उशांचं दालन तिच्या नावानं लावलं, आणि लोक रांगा लावून बघायला गेले. सासूबाईंनी एक उशी मागून घेतली, ती रात्रंदिवस त्यांच्या मांडीवर असे. नणंद फोनवर रडायची. थोरलीच्या वर्गातल्या बायकाही विचारायच्या, "तुमच्या जाऊबाईंसारखं चिंध्यांचं काही शिकवाल का?"

आणि नवरा गप्प झाला होता. एका संध्याकाळी त्यानं पेपरातून मान वर न करता विचारलं, "तू तिला तुझ्या जागेवर का बसवलंस?"

"मानानं बसवलं."

"ती उठत होती."

"मग?"

"काही नाही," तो म्हणाला. पेपराचं पान मात्र त्यानं उलटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंनीच सांगितलं की एकदा सगळ्यांनी एकत्र बसून जेवू या, घर असं विस्कटून कसं चालेल. धाकटीच्या आईलाही बोलवा. धाकटीच्या आईचा निरोप आला, की येते, आणि माझी लेक शेवटची जिथं जेवली त्याच खुर्चीवर मला बसवा.

नणंदेचा नवराही येणार होता. टेबलावर माणसं सहा, आणि थोरली सातवी.

त्या दिवशी ती साध्या मॅट मांडणार होती. पण पाहुणे दिवाणखान्यात येऊन बसले, पाण्याचे पेले फिरले, आणि सासूबाईंचा आवाज आला, "तो पांढरा घाल गं. तिला आवडायचा."

थोरलीनं कपाट उघडलं. तळाशी हात घालून घडी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवून उलगडली.

डाग घडीतच पडला होता. एका पदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरला होता. कापड पूर्ण पसरलं तेव्हा तो सगळीकडे होता. सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक. सगळे एकाच आकाराचे, काळपट लाल.

ती ऐकत राहिली. बाहेर दीर धाकटीच्या आईला काहीतरी सांगत होता. म्हातारी मध्येच हुंदका देत होती. नणंद तिला "रडू नका हो" म्हणत होती. त्यांना उठवून घालवणं काही अवघड नव्हतं. पोटात दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

नवरा दारात आला. तिनं चटकन एक ताट उचलून जवळच्या डागावर ठेवलं.

"सातवी खुर्ची आणू का आतून?"

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे.

"नको," ती म्हणाली. "मी वाढते. तुम्ही सगळे बसा."

तो दोन पावलं पुढं आला, थांबला, आणि मग सगळ्यांना बोलवायला गेला.

तिनं उरलेली पाच ताटं मांडली, लोंबणाऱ्या कापडावर पट्ट्या सोडल्या, मधला गुच्छ जरा उजवीकडे सरकवला. लांब होऊन एकदा टेबल पाहिलं. काहीतरी खटकत होतं. तिनं ताटांवरचे पांढरे नॅपकिन गोळा करून खणात टाकले आणि त्यांच्याऐवजी गडद मरून रंगाचे काढले. त्यांच्यावर काही दिसत नाही.